सड्यावरचा तिसरा दिवस

आज सकाळी सातलाच सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर, पोचलो. राजापूरपासून तास-दीड तास. पावसात हिरवंगार असणारं गवत आता वाळून पिवळं पडलंय, आणि त्यातून काळा कातळ डोकं वर काढतो.

फिल्मचं शूटिंग चालू आहे, माझं काम आवाजाचं. बाकी सगळे कातळशिल्पाकडे, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्राकडे, बघत असतात, मी हेडफोन लावून ऐकत असते. आज तिघे पुरातत्त्वज्ञ उकिडवे बसून एका रेषेतली माती काढत होते. हातात बांबूची काडी आणि मऊ ब्रश, बस. लोखंड रेषेजवळ आणायचंच नाही, नव्या ओरखड्याने जुनी खूण बिघडते. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, अगदी जवळ नेला. ब्रशचे केस जांभ्याच्या, म्हणजे इथल्या सच्छिद्र दगडाच्या, खड्ड्याखड्ड्यांवरून जातात तेव्हा तांदूळ निवडल्यासारखा आवाज येतो. असा आवाज मी याआधी कधी टिपला नव्हता. माती निघत गेली तसा आधी एक पाय दिसला, मग पोटाची वळणरेषा.

त्याच टेकमध्ये मागून घरघर सुरू झाली. पलीकडच्या चिरेखाणीत चिरे, म्हणजे बांधकामाचे दगड, कापायचं मशीन. थांबायचं, परत सुरू व्हायचं. दिग्दर्शक म्हणाला, "एडिटला साफ करू." मी नाही म्हटलं. कामावर मी सहसा वाद घालत नाही, आज घातला. ही चित्रं ज्या जांभ्यात कोरलीत, तोच जांभा चिरे होऊन ट्रकात चढतो. तो आवाज काढून टाकला तर सडा शांत आणि सुखरूप आहे असं प्रेक्षकाला वाटेल. तसा तो नाही. आमच्या आजोळचं घरही चिऱ्याचंच, खाणीवर काम करणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो आवाज फिल्ममध्ये राहायला हवा.

दुपारी पुरातत्त्वज्ञ मॅडमची मुलाखत. दिग्दर्शकाला "अमुक हजार वर्षं जुनं" असं एक वाक्य हवं होतं. त्यांनी ते दिलं नाही. कार्बन कालमापनाला सेंद्रिय पदार्थ लागतो, नुसत्या कोरलेल्या कातळात तो कुठून येणार? मग त्या गेंड्याबद्दल आणि पाणघोड्याबद्दल बोलल्या, आज कोकणात नसलेले प्राणी या कातळांवर आहेत. कशेळी गावच्या कोरलेल्या हत्तीबद्दल बोलल्या, साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. चित्रांत शेतीची खूण दिसत नाही, म्हणून हे शिकारीवर जगणाऱ्यांचं काम असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत अशा ९ जागा गेल्या, त्यांतल्या ७ रत्नागिरी जिल्ह्यातल्या. आम्ही बसलोय तो सडा त्यांत नाही.

या सड्याची वाट दाखवली ती गुरं राखणाऱ्या आबांनी. लहानपणापासून त्यांना ही चित्रं माहीत. केबल ओढताना माझा पाय रेषेवर पडणार, तेवढ्यात ते ओरडले, "बाय गो, तिथं नको, तिथं त्याचं शेपूट आहे!" मला तिथे फक्त कातळ दिसत होता. त्यांनी काठी न टेकवता, हवेतच शेपूट काढून दाखवलं.

साडेपाचला ऊन तिरपं झालं. दिवसभर सपाट वाटलेल्या कातळावर रेषांत सावली भरली आणि अख्खं जनावर एकदम समोर आलं, शेपटासकट, आबांनी काढलं होतं अगदी तसंच. कॅमेरामन पळत ट्रायपॉडकडे गेला. खाणीतलं मशीन तोवर थांबलं होतं. मी सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसता सड्याचा आवाज घेतला. गवतातला वारा, लांब कुठेतरी टिटवी, आबांच्या गुरांच्या गळ्यातली घंटा.

रात्री लॉगशीट भरताना सकाळच्या टेकपुढे लिहिलं, 'मशीनसह. साफ करू नये.' खाली सही केली. उद्या दिग्दर्शकाशी पुन्हा बोलायचंय.