तपकिरी वाळूने खाल्लेले अडीच महिने

खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणार असाल तर सगळ्यात आधी टीडीएस मीटर घ्या, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगतं. पेनासारखं असतं, दोन-तीनशे रुपयात येतं. मी ते सगळ्यात शेवटी घेतलं, म्हणून हे एवढं लिहायची वेळ आली.

आमची सोसायटी वाघोलीला, पाणी टँकर आणि बोअरचं. हॉलमध्ये ४० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन क्लाऊनफिश, एवढीच हौस. बाजारात लाइव्ह रॉक, म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया वस्तीला असलेला दगड, म्हणून मेलेल्या प्रवाळाचे तुकडे गुपचूप मिळतात पण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच पंक्तीत, शेड्यूल एकमध्ये आहे, मेलं म्हणून सुटका नाही. म्हणून कोरडा सिरॅमिक रॉक घेतला आणि मित्राच्या टँकमध्ये दोन वर्षं मुरलेला त्याच रॉकचा मुठीएवढा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. विरजणच ते. नुसता कोरडा दगड आपोआप लाइव्ह होत नाही, बॅक्टेरिया त्याच्या भोकाभोकात जाऊन बसायला लागतात.

त्यांना खायला अमोनिया पाहिजे, म्हणून एक कोळंबी टाकली. आई म्हणाली, "अरे, आठशे रुपये किलोची कोळंबी कुजवायला आणलीस?" दहा दिवस वास, मग अमोनिया चढला, बॅक्टेरियांनी त्याचं केलेलं नायट्राइट चढलं, दोन्ही उतरली, पाच आठवड्यात टँक माशांसाठी तयार. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

आणि मग वाळू तपकिरी व्हायला लागली.

आधी एका कोपऱ्यात, कोणी कोको पावडर भुरभुरवल्यासारखी. चार दिवसात सगळीकडे, रॉकवरसुद्धा. दुकानदार म्हणाला, "सर, डायटम आहे, नवीन टँकला येतंच, आपोआप जातं." खोटं नव्हतं ते. डायटम म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकला येतात, पाण्यात विरघळलेलं सिलिकेट खाऊन वाढतात आणि ते संपलं की जातात. माझ्याकडे महिना झाला तरी संपेना. परत गेलो तर त्याने बाटली दिली, पुढच्या वेळी दुसरी बाटली. पाणी कुठलं वापरता हे एकदाही विचारलं नाही, आणि याचाच मला अजून राग आहे.

मग मी कंबर कसली. दर रविवारी सायफन लावून वाळू साफ, आणि सायफनमध्ये गेलेलं पाणी भरायला म्हणून दहा लिटर नवीन. संध्याकाळी वाळू पांढरीशुभ्र, बुधवारी परत तपकिरी. म्हणून मग बुधवारीही सायफन. कोणीतरी म्हणालं हे डायटम नाही, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, दुसरे तसलेच सूक्ष्मजीव) असतील, तर तीन दिवस लाइट बंद करून टँकवर चादर टाकली. काही फरक नाही. (डायनो शेंबडासारखे तारा धरतात, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. माझ्याकडचं मात्र बोट लावलं की धुळीसारखं उडत होतं. हे तेव्हा नीट बघितलं असतं तर चादर वाचली असती.)

उत्तर मिळालं ते किचनमध्ये. आरओच्या सर्व्हिसिंगला माणूस आला होता, मी सहज म्हणालो दादा हेच पाणी माशांना वापरतो, एकदम प्युअर ना? त्याने मीटर बुडवला, ८४. मी म्हणालो आरओ असून ८४? तो हसला, कव्हर उघडून एक छोटा प्लास्टिकचा स्क्रू दाखवला. "साहेब, हा टीडीएस कंट्रोलर. चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो." म्हणजे मी दर पाणीबदलाला बोअरचं सिलिकेट मोजून टँकमध्ये ओतत होतो! जेवढं जास्त साफ करायचो तेवढं डायटमला जेवण. अडीच महिने.

कंट्रोलर बंद केला तर रीडिंग १७ वर आलं, पण दोन दिवसात आईची तक्रार, चहा पांचट लागतो. शेवटी मेंब्रेननंतर (आरओची मुख्य गाळणी), कंट्रोलरच्या आधी टी-जॉइंट टाकून टँकसाठी वेगळी लाइन काढली आणि तिच्यावर उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावलं. तेव्हा शून्य आलं. रेझिन मात्र मीटर १ दाखवायला लागला की बदला, ५-१० ची वाट बघू नका, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सिलिकेटच आधी निसटतं आणि मीटरला ते धड कळतही नाही.

तीन आठवड्यात वाळू पांढरी झाली. मी काही न करता.

आता आठवेल तसं. साफ करताना आधी रॉक, मग वाळू: मोठ्या सिरिंजने रॉकवर टँकचंच पाणी मारा, भोकातला गाळ खाली बसू द्या, मग पंप बंद करून सायफन. एका वेळी अर्धीच वाळू, कारण बॅक्टेरिया तिथेही राहतात. वाळू इंचभर पुरते. रॉक काचेवर आधी ठेवा, वाळू नंतर ओता, मी उलटं केलं आणि रॉक एकदा कलंडला. आणि मे महिन्यात पंखा लावलात तर पाणी भराभर उडतं, ती भर गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही, मीठ कुठे उडून जात नाही. नसॅरियस गोगलगायी ठेवा, पण त्या शेवाळ खात नाहीत, वाळू उकरतात आणि उरलंसुरलं खातात. खाणं टाकलं की वाळूतून एकेक सोंड वर येते, आई हल्ली तेवढ्यासाठी संध्याकाळी खुर्ची ओढून बसते.

मित्राच्या तुकड्याशेजारच्या रॉकवर परवा नखाएवढा जांभळा ठिपका दिसला, कोरलाइन, दगडावर वाढणारं चांगलं शेवाळ. हीटरमागे वेव्हमेकरचा (पाणी ढवळणाऱ्या पंपाचा) प्रवाह पोचत नाही, तिथली वाळू अजून मळकीच आहे.