तोंड न धुतलेली पोरगी

आमच्या धंद्यात माणूस म्हातारा करायची एक ठरलेली रीत आहे. तरुण चेहरा घ्यायचा, त्यावर सुरकुत्यांचा मॅप चढवायचा, भुवया आणि केस पांढरे करायचे आणि 'एज' नावाचा स्लायडर उजवीकडच्या टोकाला नेऊन ठेवायचा. चार मिनिटांचं काम. त्या गुरुवारपर्यंत मीही हेच करत होते आणि त्याचा पगार घेत होते.

महापे एमआयडीसीतल्या एका स्टुडिओत मी कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. गेम बनतो बाहेरच्या देशात, आमच्याकडे त्याचे तुकडे येतात. कुणाला ढाली-तलवारी, कुणाला झाडं-दगड, मला चेहरे. रोल-प्लेइंग गेम सुरू केला की खेळणारा आधी स्वतःचं पात्र घडवतो. नाक, हनुवटी, गालफडं, रंग, केस. काही लोक या एका स्क्रीनवर दोन-दोन तास घालवतात आणि मग डोकंभर शिरस्त्राण चढवून तो चेहरा झाकून टाकतात. घरी, कळव्यात, मी 'कार्टून काढते'. समजावणं मी सोडून दिलंय.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. स्लायडर काहीही घडवत नाही. एक मूळ डोकं असतं, हजारो बिंदूंच्या जाळीचं. त्याची दुसरी प्रत काढून मी हाताने तिचं नाक फताडं करते. स्लायडर प्रत्येक बिंदूला पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेकडे सरळ रेषेत सरकवतो, बस्स. याला ब्लेंड शेप म्हणतात. खेळणाऱ्याला वाटतं, हा चेहरा मी केला. प्रत्यक्षात आम्ही आधी जे रांधून ठेवलंय, त्याचीच मिसळ तो वाढून घेत असतो. जे मी केलंच नाही, ते त्याने कितीही ओढलं तरी येणार नाही.

आणि या मिसळीची डोकेदुखी वेगळीच. आमच्या प्रोजेक्टला चेहऱ्याचे ४० स्लायडर होते. प्रत्येक नुसता या टोकाला किंवा त्या टोकाला ठेवायचा म्हटलं तरी १ लाख कोटींहून जास्त चेहरे होतात. तपासणार कोण? डोळा मोठा करा, वरची पापणी खाली आणा, की बुबुळ पापणी फोडून बाहेर. ओठ पातळ करा, जबडा मागे घ्या, की बोलताना दात ओठातून आरपार. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये चेहऱ्याचे स्लायडर ठेवलेच नाहीत, तयार चेहऱ्यांतून एक निवडा म्हणाले. मला ती मंडळी फार शहाणी वाटतात.

चेहऱ्यांच्या मिसळीचं हे गणित जुनं आहे. १९९९ साली जर्मनीत ब्लान्झ आणि फेटर या दोघांनी २०० डोकी लेझरने स्कॅन करून त्यांच्या मिश्रणातून नवे चेहरे काढून दाखवले. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या गेममधले बटाट्यासारखे चेहरे ज्यांना आठवतात, ते त्याच घराण्यातल्या तंत्राचे. यातला एक तपशील मी कित्येकदा वाचला होता आणि कित्येकदा डोळ्यांखालून निसटू दिला होता. ती २०० डोकी तरुण माणसांची होती.

तर गुरुवार. शुक्रवारी माइलस्टोन. आम्हाला २४ तयार चेहरे द्यायचे होते, त्यातले ६ वयस्कर, आणि त्या सहांतली एक दक्षिण आशियाई म्हातारी. ती तिसऱ्यांदा परत आली होती. क्लायंटचे शेरे आपल्याकडे रात्री पडतात, सकाळी येऊन बघायचे. शेरा तोच: अजून तरुण वाटते. आमचा लीड म्हणाला, "सुरकुत्या वाढव." माणूस मनाने चांगला आहे, पण तीन वर्षांत त्याने ब्रश हातात धरलेला नाही, आता तो एक्सेलमध्ये शिल्पं करतो. मी सुरकुत्या वाढवल्या. चेहऱ्याची खारीक झाली.

चारच्या सुमाराला मावशी कप उचलायला आल्या. आमच्या मजल्यावरचं हाऊसकीपिंग त्या बघतात. मूळच्या माणच्या, राहायला तुर्भे स्टोअर्सला. ठेकेदाराच्या वहीत त्यांचं वय ५२ आहे, गेली काही वर्षं ५२च आहे. मला मॅडम म्हणायची बंदी मी पहिल्याच महिन्यात घातली, तेव्हापासून मी 'पोरी'.

"ही कोण गं?"

"म्हातारी आहे, मावशी. सत्तरीची."

त्या वाकल्या. एका हातात चार कप, दुसरा हात माझ्या खुर्चीवर. बराच वेळ बघत राहिल्या.

"ही म्हातारी नव्हं. तोंड न धुतलेली पोरगी हाय."

शेजारचा रिगिंगवाला खो-खो हसला. मला हसू आलं नाही. तीन फेऱ्यांत क्लायंटला जे सांगता आलं नव्हतं, ते या बाईने कप हातात धरून सांगितलं होतं.

मी त्यांना बसवलं. बसायला तयार नव्हत्या, सुपरवायझर बघेल म्हणाल्या. लीड कॉलवर होता, सुपरवायझर खालच्या मजल्यावर. बसल्या, पण खुर्चीच्या काठावर. काय चुकलंय, विचारलं तर शब्दांत सांगेनात. स्वतःच्याच गालात बोट खुपसून दाखवायला लागल्या. "दाढा गेल्या की हितनं आत जातं. हनवटी नाकाला भेटाय वर येती. नाक लांबतं. कान बी." त्यांनी सासूला चार वर्षं अंथरुणात आंघोळ घातली होती. म्हातारा चेहरा त्यांना डोळ्यांनी नाही, पंच्याने पुसून पाठ होता.

नंतर पडताळलं, सगळं बरोबर होतं. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, खालचा तिसरा हिस्सा आखूड होतो. नाकाचं टोक उतरतं, कानाची पाळी लोंबते, डोळ्याची खोबण रुंदावते. म्हातारपण कातडीवर चढत नाही, आतला सांगाडा बदलतो. मी ॲनाटॉमी शिकले ती ग्रीक पुतळ्यांवरून, आणि त्यांच्यात कवळी लागलेला कुणी नव्हता. दातांचं तर विचारूच नका. गेममध्ये राजापासून भिकाऱ्यापर्यंत बहुतेकांना दातांचा एकच सेट असतो, तोही जाहिरातीतला. मावशींच्या वरच्या दोन दाढा नाहीत आणि मिश्रीने बाकीचे काळपट झालेत. त्यांचं बोलणं कायम डाव्या बाजूने सांडतं, कारण चावणंही डावीकडूनच. आम्ही मात्र सिमेट्री चालू ठेवून काम करतो, अर्धा चेहरा करायचा, उरलेला सॉफ्टवेअर करतं.

मग माझं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. गोंदण. रोज बघत होते, दिसलं आज. दोन भुवयांच्या मध्ये एक, हनुवटीवर तीन ठिपके. आमच्या टॅटूच्या यादीत साठेक नमुने होते, सगळे काळेभोर, कातडीवर स्टिकर चिकटवल्यासारखे. गोंदण तसं नसतं. शाई कातडीच्या आतल्या थरात असते, वरच्या थरातून उजेड विखरून येतो म्हणून काळी शाई हिरवट-निळी दिसते, आणि वर्षांमागून वर्षं ती पसरत जाते. म्हणजे शेडरमध्ये, कातडीवर उजेड कसा दिसेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते रंगाच्या वर ठेवायचंच नाही, सबसरफेसच्या, म्हणजे कातडीखालच्या थरात बुडवायचं आणि कडा विरघळवायच्या. त्या एका ठिपक्यावर मी पाऊण तास घालवला. प्रोजेक्ट शीटवर त्याला 'डेकल, १० मिनिटं' असं लिहिलं होतं. डेकल म्हणजे स्टिकरच.

रंगाचं जुनं भांडण इथेच सांगून टाकते. आपल्याकडची त्वचा एकसारखी तपकिरी नसते. कपाळ गालांपेक्षा सावळं, डोळ्यांभोवती काळपट, ओठांच्या कोपऱ्यांशी अजून गडद, मानेच्या वळ्यांत वेगळीच. कातडीचं टेक्स्चर, म्हणजे तिचं रंगचित्र, मी तसं रंगवलं की शेरा यायचा: टेक्स्चरमध्ये सावली भाजली गेली आहे, म्हणजे रंगातच मिसळली आहे, काढा. त्यांना तो आमचा तांत्रिक ढिसाळपणा वाटायचा. गोऱ्या टेक्स्चरवर तपकिरी रंग मल्टिप्लाय केला की राखेसारखी कातडी तयार होते, ती मात्र त्यांना चालायची. त्या दिवशी मी मावशींच्या ओठांजवळचा कोपरा तीन वेळा बघितला, तीन वेळा गडद केला आणि नोटमध्ये लिहिलं: ही सावली नाही, बाई अशीच आहे.

उठताना त्या म्हणाल्या, "नथ तरी घाल तिला." घालता आली नाही. ब्लेंड शेपने नाक रुंद होतं तेव्हा जाळी सरकते, हाड, म्हणजे चेहरा हलवायला रिगिंगवाल्याने आत घातलेला सांगाडा, जागेवरच राहतं. दागिने हाडाला टांगलेले असतात. नाक मोठं केलं की नथ गालात घुसते, लहान केलं की हवेत तरंगते. जाळीच्या त्रिकोणालाच नथ बांधायची सोय इंजिनात करता येते, पण ती कुणीतरी मागायला लागते. परदेशातल्या टीममध्ये नथ कुणी मागणार? मी फक्त डाव्या नाकपुडीला भोक पाडून ठेवलं.

त्या रात्री नवी डोकी घडवली. 'एज' च्या एका स्लायडरऐवजी आतून चार शेप चालवले: जबडा, नाकाचं टोक, पाळी, डोळ्याखालची पिशवी. पाचवा शेप डाव्या-उजव्यातल्या फरकाचा. साडेदहाला कोपरखैरण्याहून ठाणे लोकल पकडली तेव्हा डब्यात समोर बसलेल्या प्रत्येकाचा जबडा मी मनात मागे-पुढे करत होते. ही सवय वाईट आहे, लोक रागाने बघतात.

सोमवारी मंजुरी आली, एकही शेरा नाही. असं आमच्याकडे वर्षातून एकदा होतं. खाली एक ओळ होती, हा सगळ्या संचातला सर्वांत जिवंत चेहरा. लीडने केक मागवला. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारलं, "रेफरन्स कुठला वापरलास?"

मी खरं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. खऱ्या माणसाचा चेहरा घेतला की त्याच्या सहीचा कागद लागतो. कागद मागायचा तर क्लायंटच्या वकिलांपर्यंत जायचं, म्हणजे मंजूर झालेला चेहरा अडकणार. "बघून केलंस, स्कॅन नाही केलंस," तो म्हणाला, मला की स्वतःला ते कळलं नाही. मग म्हणाला, "एक्स अक्षावर मिरर कर, डाव्याचं उजवं."

केला. एक क्लिक. उजव्या गालावरचा तीळ डावीकडे गेला, बोलणं उजवीकडून सांडायला लागलं, भोक दुसऱ्या नाकपुडीत गेलं ते मी परत डावीकडे आणलं. गोंदणाचे तीनाचे दोन ठिपके केले. लीडच्या मते आता ती दुसरी बाई होती. मी विरोध केला नाही. केक चांगला होता, मावशींनीही खाल्ला. कशाचा, ते आम्ही सांगितलं नाही.

पण बाईला डोळे आहेत. चार-पाच दिवसांनी कप उचलताना स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "झाली गं म्हातारी." मग थोड्या वेळाने, "माझ्यासारखीच हाय की." मी हो म्हटलं, थोडीशी. त्यांना राग नव्हता. "मग एक छापून दे मला. आधार कार्डावरचा फोटो लई वाईट आलाय."

छापून देता येत नाही. आमचे फोन आत येताना लॉकरमध्ये जातात, स्क्रीनचा साधा फोटो बाहेर गेला तर नोकरी जाते. गेम कधी येणार हे आम्हालाही माहीत नाही, आणि गेमचं नाव मी आईलाही सांगू शकत नाही. हे सगळं त्यांना काय सांगणार? "बघते," म्हटलं. तीन आठवडे रोज त्या कप उचलायच्या आणि मी बघते म्हणायचे.

शेवटी एका रविवारी घरी पेन्सिल घेऊन बसले. समोर काही नको, पाठच आहे म्हटलं. तासाभरात झालं, चांगलं झालं. सोमवारी वहीत घालून नेलं आणि लोकलमध्ये पुन्हा उघडून बघितलं, तेव्हा रबाळ्याच्या आसपास लक्षात आलं की तीळ डाव्या गालावर आहे. ठिपके दोन. तोंड उजवीकडून सांडलेलं. हाताने माणूस काढलाच नव्हता, फाइल काढली होती.

खोडरबर नव्हतं. पॅन्ट्रीत त्यांच्या हातात कागद दिला आणि घाईने म्हटलं, "मावशी, चुकलंय थोडं. उलटं झालंय, दुसरं काढून देते."

त्यांनी हात पदराला पुसले, कागद लांब धरला, जवळ आणला. हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं एक ठिपका राहिला." मग बाकीच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली.

"उलटं कुठाय? आरशात रोज अशीच तर दिसते."