सातचा भोंगा आणि आमचा चकलीचा डबा

सासूबाई सकाळी हरिपाठ लावायला गेल्या आणि यूट्यूबवर एक पोरगा बंदूक घेऊन किंचाळत आला. ‘अगं, हे काय मेलं लागलंय?’ म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बोटाने खाली सरकवत गेले, तर सगळी तीच रांग: गेमचे व्हिडिओ, बाईकचे स्टंट, कुणी कुणाला तरी गंडवतंय असले शॉर्ट्स आणि मधेच चुकून आल्यासारखं एखादं भजन. हिस्टरी उघडली. दुपारी दोन ते साडेचार. ती वेळ माझी बँकेतली आणि सासूबाईंची वामकुक्षीची.

चिरंजीवांच्या फोनला कुलूप घालून तेव्हा तीन आठवडे झाले होते, आणि मी स्वतःवर खूश होते!

हे कुलूप का घालावं लागलं, तेही सांगते. 2020 साली तो पहिलीत होता, शाळा मोबाईलवर. माझ्या भावाने घाईघाईत त्याचं गूगल खातं काढून दिलं आणि जन्मसाल टाकलं 1984, कारण खरं टाकलं की गाडी पुढे जाईना. तेव्हा आम्ही हसलो. पुढची पाच वर्षं गूगलच्या लेखी माझा मुलगा माझ्याच वयाचा बाप्या होता. लहान मुलांसाठी म्हणून जी काही राखण असते, ती त्याच्या वाट्याला आलीच नाही. असं खोटं वय घातलेली पोरं आमच्या सोसायटीत घरोघरी सापडतील.

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री त्याचा फोन चार्जिंगला लावताना स्क्रीनवर एका गेमच्या चॅटमधला मेसेज दिसला. ‘डायमंड देतो, आधी फोटो पाठव. घरी कोण कोण आहे?’ डायमंड म्हणजे त्या गेममधले पैसे. मी झोपलेल्या पोराला उठवून ओरडले. नको होतं ते करायला. दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी क्लासला सोडायला जाताना स्कूटरवर मागून आवाज आला, ‘आई, मी फोटो नाही पाठवला. शाळेचं नाव सांगितलं फक्त.’ स्कूटरवर मुलं बोलतात. एकमेकांचं तोंड दिसत नाही ना! मीही मागे वळून न बघता विचारत गेले आणि क्लास येईपर्यंत सगळं बाहेर आलं.

नवरा म्हणाला, आधी तो गेम उडव. आमच्या शाखेत फसवणुकीच्या तक्रारी बघणाऱ्या सहकाऱ्याने अडवलं, ‘मॅडम, पुरावा पुसू नका.’ मग आधी स्क्रीनशॉट काढले, त्या माणसाचं प्रोफाईलही त्यात घेतलं, नंतर रिपोर्ट केलं आणि ब्लॉक. पैसे गेले तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, हे बँकेत रोज ग्राहकांना सांगून माझं पाठ झालंय. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाईन आहे, आणि सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते, हे त्या सहकाऱ्याकडूनच कळलं. आम्ही केली नाही. तो माणूस पुन्हा आला नाही, पण करायला हवी होती का, यावर आमच्यात अजून वाद होतो.

मग फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनचा लगाम आईबापांच्या फोनवर देणारं गूगलचं ॲप. जुनं खातं सोडलं, खऱ्या जन्मतारखेचं नवं काढलं, फोन रिसेट केला. त्यात त्याच्या गेममधली सगळी कमाई गेली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गच्चीच्या जिन्यात तासभर बसून होता. मला ते त्याला आधी सांगायला हवं होतं.

रोजचा एक तास, शनिवार-रविवार दीड, रात्री नऊनंतर फोन बंद. नवं ॲप घ्यायचं तर माझ्या फोनवर विचारणा येणार. सेटिंग अर्ध्या तासात झालं, पण पहिला आठवडा मला पुरून उरला. काउंटरवर ग्राहकाचं पासबुक हातात आणि खाली फोन थरथरतोय: अजून वेळ हवा. तीनदा बोनस, म्हणजे वाढीव वेळ, देऊन मोकळी झाले. गृहपाठाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, ती उघडली की तोही वेळ त्या तासातूनच कापला जातो. गृहपाठ मोबाईलवर पाठवायचा आणि पालकसभेत ‘मोबाईल कमी करा’ म्हणायचं, हे शाळेला बरं जमतं! शेवटी तो ग्रुप मी माझ्याच फोनवर घेतला आणि पीडीएफ वहीत उतरवून घ्यायला लावली.

आणि मग तो हरिपाठ. पोरगं आजीच्या फोनवर गेलेलं. तिथे ना तास, ना कुलूप, आणि पिन तर त्याचीच जन्मतारीख. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मीच दिला. जेवत नव्हतं लेकरू.’ आणि माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावर आळ घेतेय. थोडा घेतही होते.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. पेपरात वाचून आम्ही कौतुक केलं होतं आणि पान उलटलं होतं. आता नवराच म्हणाला, आपण करून बघू. भोंगा कुठून आणणार? फ्रीजवर चकलीचा रिकामा स्टीलचा डबा होता. सातला चारही फोन त्यात, झाकण बंद. खरा फोन आला तर डबा असा काही वाजतो, की शेजारच्यांनाही कळावं.

पहिल्या दिवशी सर्वांत जास्त वाजला तो माझा फोन. शाखेचा ग्रुप! तीनदा फ्रीजपर्यंत जाऊन परत आले. पोरगं घड्याळ घेऊन पहाऱ्यावर. सात-वीसला नवरा उठला, ‘अरे, फक्त स्कोअर बघतो.’

‘बाबा, बोनस टाईम पाहिजे तर आईला रिक्वेस्ट पाठवा.’

सासूबाई इतक्या हसल्या, की आमचा अबोला तिथेच संपला. आता साडेआठपर्यंत आजी-नातू पत्त्यांतलं पाच-तीन-दोन खेळतात, तिसऱ्या हातासाठी आमच्यापैकी जो सापडेल तो. आजीच्या फोनचा पिन त्यांनी स्वतः बदललाय. नातवाने विचारलं, की ‘मला मेलीला आठवतच नाही’ म्हणतात आणि माझ्याकडे बघून डोळा मारतात. दर दिवशी सातला सगळं जमतं असं नाही. मार्चएंडला तर मीच डब्याकडे फिरकणार नाही, हे घरात आधीच जाहीर करून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात भाजी निवडत होते. तो फोन पाठीमागे धरून उभा. ‘ओरडणार नसशील तर दाखवतो.’ गेममध्ये कुणाची तरी फ्रेंड रिक्वेस्ट, विचित्र नावाची, आणि खाली, ‘ओळखलंस का?’

पोटात गोळा आला. मेथीची जुडी तशीच हातात धरून म्हटलं, बस इथे, बघू दोघं मिळून. त्याच्या वर्गातल्या दोघांच्या आयांना फोन लावले. दुसरीनेच ओळखलं. तिच्याच पोराने नाव बदललं होतं.