परवान्यावरचा परवाना

टाळेबंदीच्या काळात मुंबईत एक वाक्य सर्रास ऐकू येई : पॅलेस्टिनी लोक कसे जगत असतील ते आता आपल्याला कळले. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असे, आणि साम्य मुळीच नव्हते असेही नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, वरळी कोळीवाड्याची नाकेबंदी झाली, आणि जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे तर पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी अर्ज करणे भाग पडू लागले. मामाच्या तेराव्याला रत्नागिरीस जाण्यासाठी आम्ही तो अर्ज भरला, तेव्हा वाहन क्रमांक, सोबतच्यांची नावे, परतीची तारीख हे रकाने सहज भरले गेले. पण भाचा असल्याचा पुरावा म्हणून कोणता कागद जोडायचा, या प्रश्नापाशी सगळे घर बराच वेळ अडून बसले होते.

तरीही ती तुलना मला पटत नाही, कारण महासाथ पॅलेस्टिनी भागात पोहोचली तेव्हा परवान्यांची व्यवस्था आधीपासूनच होती, आणि ती कोणत्याही रोगामुळे आलेली नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) आणि गाझा इथल्या माणसाला इस्रायलमध्ये किंवा पूर्व जेरुसलेममध्ये जाण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९५ च्या ओस्लो करारानंतर वेस्ट बँकचे अ, ब आणि क असे तीन विभाग झाले; त्यांपैकी क विभाग, म्हणजे सुमारे साठ टक्के भूभाग, पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. ५ मार्च २०२० रोजी बेथलेहेम परिसरात पहिले रुग्ण सापडले आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, म्हणजे तिथल्या मर्यादित अधिकारांच्या पॅलेस्टिनी सरकारने, आणीबाणी जाहीर केली. मात्र क विभागात आपलेच पोलीस पाठवायचे तर त्याला इस्रायली लष्कराशी समन्वय साधावा लागत होता. टाळेबंदी पुकारणारे सरकार आणि रस्त्यावर हुकमत असलेले लष्कर ही दोन वेगळी होती, हे आपल्याकडील वर्णनांत क्वचितच येते.

सर्वाधिक कोंडी झाली ती मजुरांची. इस्रायलमध्ये आणि वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहतींमध्ये रोजीरोटीसाठी जाणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर होती, आणि त्यांतले बरेचसे बांधकामावरचे. बेथलेहेमहून जेरुसलेमकडे जाणाऱ्या ‘चेकपॉइंट ३००’ या लष्करी नाक्यावर पहाटे तीन-चारपासून माणसे गजांच्या अरुंद मार्गिकेत खांद्याला खांदा लावून उभी राहत, पुढे फिरते लोखंडी दार, मग सामानाची तपासणी, मग ओळखपत्र आणि बोटांचे ठसे. दोन हातांचे अंतर राखा, हा महासाथीचा पहिला नियम त्या मार्गिकेच्या रचनेतच बसत नव्हता. मार्चमध्ये इस्रायलने मजुरांपुढे पर्याय ठेवला : काम हवे असेल तर महिना-दोन महिने तिकडेच राहा, रोजची ये-जा बंद. बायकामुलांजवळ राहावे तर मजुरी बुडते, मजुरी टिकवावी तर आजारपणात परक्या ठिकाणी विचारणारे कोणी नाही. परवान्याची स्थिती पाहण्यासाठी ‘अल-मुनासिक’ नावाचे ॲप घ्यायला सांगितले गेले आणि त्यासाठी मोबाइलचे ठिकाण, त्यातील फाइली, कॅमेरा हे सारे खुले करण्याची अट होती. आपल्याकडे आरोग्य सेतूवरून वाद झाला, तो इथल्याच न्यायालयात आणि इथल्याच वर्तमानपत्रांत लढता आला, एवढा फरक नोंदवून पुढे जातो.

गाझाची गोष्ट आणखी निराळी. ३६५ चौरस किलोमीटरच्या, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान पट्टीत सुमारे वीस लाख माणसे, आणि २००७ पासून इस्रायल आणि इजिप्तची नाकेबंदी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला विलगीकरण केंद्रात ठेवल्याने तिथे ऑगस्ट २०२० पर्यंत वस्तीत संसर्ग पसरला नव्हता. २४ ऑगस्टला तो आढळला आणि संचारबंदी लागली, तेव्हा इंधनाअभावी वीज केंद्र बंद होते आणि दिवसाला जेमतेम चार तास वीज मिळत होती. घरातच थांबा, हात धुवा, मुलांची शाळा मोबाइलवर भरेल, या सूचना अशा घरांत पोहोचत होत्या.

कर्करुग्णांविषयी सांगायलाच हवे. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर गावोगावचे रुग्ण मुक्काम करतात आणि टाळेबंदीत ते तिथेच अडकले, हे मुंबईकराला ठाऊक आहे. गाझात रेडिएशनची सोयच नसल्याने रुग्णाला पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावे लागे, आणि त्यासाठी स्वतःचा व सोबतच्या माणसाचा असे दोन परवाने मिळवावे लागत. अर्ज पॅलेस्टिनी प्राधिकरणामार्फत जात. मे २०२० मध्ये वेस्ट बँकचा काही भाग इस्रायलला जोडण्याच्या योजनेच्या निषेधार्थ प्राधिकरणाने इस्रायलशी समन्वय तोडला. ती भूमिका राजकीयदृष्ट्या समजण्यासारखी होती, पण नोव्हेंबरपर्यंत तिची किंमत रुग्णांनी मोजली, असे माझे मत आहे. अर्ज पुढे पाठवणारी खिडकीच बंद झाली होती.

आपला ई-पास सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, दुसऱ्या लाटेत परतला आणि पुन्हा गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. म्हणजे इथे आधी लस, मग प्रवास. वेस्ट बँकमध्ये हा क्रम उलटा होता. मार्च २०२१ मध्ये इस्रायलने नाक्यांवरच लसीकरण सुरू केले, ते कामाचा परवाना असलेल्या मजुरांसाठी. त्याच मजुराची वयस्क आई, त्याची बायको आणि परवाना न मिळालेला भाऊ मात्र प्राधिकरणाकडच्या तुटपुंज्या साठ्यातून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.