मॅडम की सर?

आज फॅमिली कोर्टाच्या बोर्डावर आमच्या केसचा ४५ वा नंबर, म्हणजे दुपारपर्यंत बाकावर बसणं आलंच. शेजारी माझी अशील, तिचा पहिला प्रश्न, "जज मॅडम आहेत की सर?" मॅडम म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आणि गंमत बघा, मागच्या आठवड्यात याच कोर्टात एका नवऱ्याची केस होती माझ्याकडे, त्याने मॅडम ऐकल्या ऐकल्या तोंड पाडलं, "म्हणजे गेलीच आपली केस."

घरी येऊन १९८४ चा फॅमिली कोर्टचा कायदा काढून बसले. कलम ४. न्यायाधीश नेमताना लग्नसंस्था टिकवायची कळकळ असलेली, मुलांचं भलं बघणारी, समुपदेशनातून तडजोड घडवणारी माणसं बघा, आणि त्याला लागूनच, बायकांना प्राधान्य द्या. कितीदा वाचलंय पण आज ते लागूनच असणं खटकलं, म्हणजे बाईला खुर्ची दिली ती कायदा कळतो म्हणून की तुटलेलं सांधता येतं म्हणून? घरात भांडण पेटलं की मोठ्या जाऊबाईंना मध्ये घालतात ना, तसलं काहीतरी. प्राधान्य नको असं नाही म्हणत हं मी, फक्त कारण टोचतंय.

कारण मॅडम करतात काय, तर पोटगीच्या अर्जात नवऱ्याकडून आणि बायकोकडूनही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळ्याचं ॲफिडेव्हिट मागतात, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते द्यावंच लागतं. ५ वर्षांखालचं मूल साधारण आईकडे, हे १९५६ चा हिंदू पालकत्वाचा कायदाच म्हणतो. सर बसले तरी हेच.

आज कोर्टात आमचा नंबर आला तेव्हाही मॅडम म्हणाल्या एकदा बोलून बघा दोघं, समुपदेशकांकडे जा. बाहेर आल्यावर अशील म्हणते, "आईच्या मायेने बोलल्या हो." गेल्या वर्षी सरांनी अगदी हेच सांगितलं होतं तेव्हा दुसरी एक अशील रडत म्हणाली होती, पुरुषच शेवटी, आम्हालाच नमतं घ्यायला लावणार. आता तडजोडीचा प्रयत्न करणं १९८४ च्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मॅडम असोत की सर, दोघांनाही भागच आहे, पण हे जिन्यात उभं राहून कुणाला समजावणार.

निघताना क्लार्क म्हणाले मॅडमची बदली होतेय, पुढची तारीख नवीन जजपुढे. आणि माझ्या तोंडून पटकन काय निघावं, "कोण येतंय, मॅडम की सर?"