हुसर्लचे कागद बघायला जाताय? आधी गाव नीट बघा

जुन्या पुस्तकांत एडमुंड हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाच्या हस्तलिखितांचा पत्ता ‘लूव्हँ’ असा सापडतो. त्यावर विसंबून ब्रसेल्सहून लूव्हँ-ला-नव्हचं तिकीट काढलं आणि फसलो. ओतिन्यीला गाडी बदलून पोचल्यावर कळलं, की लूव्हँ हे बेल्जियममधल्या ल्यूव्हन गावाचं फ्रेंच नाव. 1968 साली डच-फ्रेंच भाषेच्या भांडणात तिथलं विद्यापीठ फुटलं आणि फ्रेंच वाट्यासाठी पंचवीसेक किलोमीटरवर हे नवं गाव वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटली म्हणे, भाऊबंदकीत भांडी वाटतात तशी! हुसर्लचे कागद मात्र जुन्या घरातच, ल्यूव्हनच्या हुसर्ल अभिलेखागारात राहिले. परत ओतिन्यी, तिथून ल्यूव्हन. अर्धा दिवस आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे पाण्यात.

ब्रसेल्स विमानतळावरून थेट ल्यूव्हनची गाडी पकडा, पंधराएक मिनिटं लागतात. विमानतळ स्टेशनचा वेगळा अधिभार पडतो. त्यावर वाद घालू नका, मी घालून बघितलाय. चाकांची बॅग तर नकोच; तिथल्या दगडी फरसबंदीवर माझं एक चाक गेलं.

खरा दणका पुढेच. सुमारे 40,000 पानं, त्यातली बहुतेक गाबेल्सबेर्गर नावाच्या जुन्या जर्मन लघुलिपीत! जर्मन शिकून गेलो होतो, मूळ पानांपुढे काडीचा उपयोग नाही. मोडी न शिकता पेशवे दफ्तरात जाऊन बसावं, तसं झालं. व्याख्यानांची टिपणं ‘एफ’ गटात आहेत. त्यांची टंकलिखित लिप्यंतरं मागा. काय हवंय ते अभिलेखागाराला महिनाभर आधी कळवून परवानगी घ्या. आणि त्याआधी ‘हुसर्लियाना’ या त्याच्या लेखनाच्या छापील मालिकेचे खंड चाळा. 1950 पासून ते निघताहेत. तुमचं टिपण त्यात छापलेलं असेल तर सरळ जाऊच नका.

तरी ती वेडीवाकडी पानं बघून थकवा पळाला, हेही खरं. हुसर्ल जन्माने ज्यू. तो एप्रिल 1938 मध्ये फ्रायबुर्गला वारला, तेव्हा नाझी राजवटीत या कागदांची शाश्वती नव्हती. फान ब्रेडा नावाच्या तरुण फ्रान्सिस्कन पाद्र्याने ते बर्लिनला नेले आणि बेल्जियमच्या वकिलातीमार्फत बाहेर काढले. मी एका बॅगेच्या चाकासाठी कुरकुरत होतो.

हुसर्लची स्वतःची पुस्तकंही तिथेच आहेत, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट. त्यांना अख्खा दिवस ठेवा. मला मिळाला दीड तास.