सिडनीतले कोळी : कोणाला घाबरायचं, कोणाला नाही

सिडनीला राहतो म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांचा हमखास प्रश्न येतो, "तिकडे घरात विषारी कोळी निघतात म्हणे?" निघतात, पण क्वचित. आणि ज्याला बघून पाहुणे किंचाळतात तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. म्हणून घर सांभाळण्याआधी कोळी ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. ओळख पटली की निम्मी भीती तिथेच संपते.

भिंतीवर उंच बसलेला, हाताच्या पंजाएवढा, चपटा, करडा-तपकिरी कोळी म्हणजे हंट्समन. आपल्याकडे घरात पाल असते तसा इथे हा. भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, झुरळं खातो, चावलाच तर थोडा वेळ दुखतं. गाडीच्या सन व्हायझरमागून तो अचानक खाली येतो तेव्हा चालवणाऱ्याच्या दचकण्याचीच जास्त भीती. शेपटाशी पांढरा ठिपका असलेल्या व्हाइट-टेलबद्दल तर इथले लोकही सांगतात की त्याच्या चाव्याने मांस सडतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 130 खात्रीच्या चाव्यांचा पाठपुरावा केला, त्यात एकालाही तशी जखम झाली नव्हती.

खरी काळजी दोघांची. पहिला रेडबॅक. मादीचं काळं, गोल, साधारण 1 सेंटिमीटरचं अंग आणि पाठीवर लाल पट्टा. तिचं विस्कटलेलं, चिवट जाळं बागेतल्या खुर्चीखाली, कुंडीच्या काठाखाली, पत्रपेटीत किंवा शेडमध्ये सापडतं. ती जाळं सोडून फारशी हिंडत नाही, म्हणून न बघता हात घालायचा नाही एवढं पाळलं की पुरतं. चावा घेतल्यावर वेदना हळूहळू वाढत जाते, त्या जागी घाम येतो. बर्फाने शेकायचं, घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि त्रास वाढला तर डॉक्टर गाठायचा. याचं प्रतिविष 1956 पासून आहे.

दुसरा फनेल-वेब, आणि याच्याबाबत मी कोणालाही सूट देत नाही. काळा, चकचकीत, दणकट, जमिनीत बीळ करून राहणारा. बिळाच्या तोंडाशी रेशमी धागे चहूकडे पसरलेले असतात. मादी बहुधा बिळातच असते. नोव्हेंबर ते एप्रिलच्या उबदार दिवसांत, विशेषतः पावसानंतर, नर रात्री मादीच्या शोधात बाहेर पडतात. दाराखालच्या फटीतून आत शिरतात आणि उजाडायच्या सुमाराला अंधारी, ओलसर जागा शोधतात : बूट, जमिनीवर पडलेले कपडे, ओला टॉवेल. नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. ते माणसाच्या मज्जातंतूंना सतत पेटतं ठेवतं. तोंडाभोवती मुंग्या येतात, जीभ फडफडते, घाम आणि लाळ सुटते. कुत्र्या-मांजरांना मात्र ते तितकं बाधत नाही. तरणतलावाच्या तळाशी मेल्यासारखा पडलेला फनेल-वेब तासन्‌तास जिवंत राहू शकतो, म्हणून तो हाताने कधीच काढू नये.

या विषावर मेलबर्नला स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने प्रतिविष तयार केलं. 1981 पासून ते वापरात आहे. त्याआधी 13 मृत्यूंची नोंद होती, त्यानंतर एकही नाही. ते बनवायला लागणारं विष सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये जिवंत कोळ्यांकडून काढतात, आणि ते कोळी बऱ्याच अंशी सामान्य माणसं पकडून आणून देतात. ज्याची भीती वाटते त्यालाच बरणीत घालून नेऊन देणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात. फनेल-वेब काच किंवा गुळगुळीत प्लास्टिक चढू शकत नाही, म्हणून उंच बरणीत लांब काठीने ढकलून तो पकडता येतो. त्याचं प्रशिक्षण नसेल तर आपण लांबच राहावं.

फनेल-वेबने चावा घेतलाच तर हातापायावर चाव्यापासून सुरुवात करून संपूर्ण अवयवाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, काठी बांधून तो हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि 000 या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. आमच्या घरात बँडेजची जागा सगळ्यांना ठाऊक आहे.

घर राखण्यात फवारणीवर मी भरवसा ठेवत नाही. भटका नर बागेपलीकडूनही येतो. दाराखाली रबरी पट्टी, खिडक्यांना जाळी, भिंतीला टेकलेल्या विटा, लाकडं आणि पालापाचोळा दूर, बागकाम करताना जाड हातमोजे, एवढं केलं की वाट बरीचशी बंद होते. मात्र आपली एक जुनी सवय इथे खरोखर अडचणीची आहे. चपला-बूट दाराबाहेर काढून ठेवणं. आमच्याकडे ते आत, जमिनीपासून उंच मांडणीवर जातात, आणि घालण्याआधी उलटे करून झटकले जातात. जमिनीवर रात्रभर राहिलेले कपडेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत कोणी आमच्याकडे राहायला येणार असेल, तर पहिल्या दिवशी मी हेच दाखवते, मग चहा.